वणवा विझवताना आगीच्या वर उभे राहू नका
उन्हाळ्यात सह्याद्रीच्या उतारावर वणवा दिसला की गावकरी हिरव्या फांद्या घेऊन धावतात. ही धाव मोलाची आहे, पण आग खाली आणि आपण वर असं कधीच होऊ देऊ नका. ज्वाळा वरचं गवत आधीच तापवतात, दुपारी वाराही डोंगर चढतो. मग आग माणसापेक्षा वेगाने वर येते. अरुंद घळीत तर ती धुराड्यासारखी ओढली जाते, तिथे शिरूच नका. जळून थंड झालेल्या पट्ट्यात पाय ठेवून कडेने झोडपत जा. वारा फिरला तर आसराही तोच. कपडे सुती, जाड घाला, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. आणि निघण्याआधी वनविभागाला १९२६ वर फोन करा.