जुनं मनगटी घड्याळ घेताय? आधी तबकडी, मग झाकण

पाऊस उघडला आणि कपाटांतल्या वस्तूंना ऊन दाखवायला सुरुवात झाली की रत्नागिरीत मला कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "आजोबांचं घड्याळ सापडलंय, बघतोस का?" मी हो म्हणतो आणि लगेच हात जोडतो: पुसू नका. काचेवर टूथपेस्ट घासू नका, चावी द्यायची घाई करू नका. वाळलेल्या तेलावर मशीन चालवलं तर आतले पिव्होट, म्हणजे चाकांच्या दांड्यांची बारीक टोकं, झिजतात. मळ नंतर काढता येतो, तबकडीवरची गेलेली शाई परत येत नाही.

आमच्या किनाऱ्यावर जुनी घड्याळं मुख्यतः दोन वाटांनी आली. एक मुंबईची. गिरणीत, गोदीत नोकरीला असलेल्या चाकरमान्यांनी घेतलेली एचएमटी, फेव्हर-लूबा, वेस्ट एंड. फेव्हर-लूबाचा भारतातला व्यापार 1865 पासूनचा, वेस्ट एंड 1886 पासून. एचएमटीचा बंगळूरचा कारखाना 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला. दुसरी वाट आखाताची. कुवेत, बहरीन, दुबईहून सुट्टीला येताना मनगटावर बांधून आणलेली जपानी सिको फाइव्ह. नवशिक्याने याच दोन वाटांवरून सुरुवात करावी. महागड्या स्विस नावांच्या मागे लागलात तर शिकण्याआधीच फसाल.

पहिली खरेदी करायच्या आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च घ्या. दोन्हींचा मिळून खर्च एका फसलेल्या खरेदीपेक्षा कमीच येतो. मग घरातली, नात्यातली कपाटं विचारा. त्यानंतर बाजारपेठेतले जुने घड्याळजी. त्यांच्या खणात गिऱ्हाईक परत न आलेली घड्याळं पडून असतात. मुंबईचा चोरबाजार आणि ऑनलाइन विक्री शेवटी, नजर तयार झाल्यावर.

तबकडीवर सर्वांत जास्त वेळ घालवा

घड्याळाची निम्मी किंमत तबकडीत असते आणि फसवणूकही तिथेच. पुन्हा रंगवलेल्या तबकड्यांचा आपल्याकडे सुळसुळाट आहे. जुनं घड्याळ उघडायचं, तबकडी घासून भडक रंग द्यायचा, वर नाव छापायचं आणि "दुर्मीळ रंग" म्हणून विकायचं. अशा मालाला संग्राहक "मुंबई स्पेशल" म्हणतात.

मीही फसलोय. माझी पहिली एचएमटी पायलट नारिंगी तबकडीची होती. विकणाऱ्याने सांगितलं, खास खेप होती. पायलट म्हणजे मुळात काळी तबकडी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घरी येऊन भिंग लावलं तर 'पॅराशॉक' (धक्क्यापासून संरक्षण) या शब्दाची अक्षरं कडेला पसरलेली, टीपकागदावर शाई फुटावी तशी. बारावरची रेघ आणि तिच्या बाहेरची मिनिटाची खूण एका ओळीत नव्हती. तबकडीच्या काठाला एक बारीक खाचही होती. छपाईच्या वेळी तबकडी सरळ बसावी म्हणून रंगारी कधीकधी अशी खाच पाडतात. ती पायलट अजून माझ्याकडे आहे. नवीन कुणी शिकायला आलं की आधी तीच हातात देतो.

म्हणून भिंगाखाली हे बघा: अक्षरांच्या कडा धारदार आहेत का, मिनिटांच्या खुणा तासांच्या खुणांशी जुळतात का, तळाशी देशाचं नाव आहे का आणि ते काचेच्या कडेखाली अर्धवट कापलं गेलंय का. साठ वर्षांच्या घड्याळाची तबकडी कोऱ्या कागदासारखी स्वच्छ असेल तर मला आनंद होत नाही, शंका येते. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तबकडीवर बारीक ठिपके येतातच. थोडी पिवळट, ठिपकेदार पण मूळ तबकडी मी चकचकीत रंगवलेलीच्या आधी उचलेन.

अंधारात चमकणारे काटे असतील तर काट्यांवरचा आणि तबकडीवरचा लेप एकाच छटेचा हवा. काटे हिरवट-पांढरे आणि खुणा तपकिरी, म्हणजे एक काहीतरी बदललंय. तबकडीच्या तळाशी 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना टी हे अक्षर असेल तर लेप ट्रिटियम या किरणोत्सर्गी पदार्थाचा. ट्रिटियमचं अर्धायुष्य (जोर निम्म्यावर यायला लागणारा काळ) सुमारे 12 वर्षं, त्यामुळे टॉर्च विझवल्यावर असा जुना लेप लगेच मंदावतो. पाच-दहा मिनिटं झगमगत राहिला तर तो नवा भरलेला समजा. 1960 च्या आधीच्या घड्याळांत रेडियम असू शकतं. तेही किरणोत्सर्गी, आणि त्याचं अर्धायुष्य 1600 वर्षं आहे, म्हणजे त्याचा जोर अजून गेलेला नाही. तो लेप खरवडू नका, उघड्या तबकडीवर फुंकर मारू नका.

आता केस, म्हणजे घड्याळाची धातूची खोळ, तिच्याबद्दल थोडक्यात. पट्टा अडकतो त्या शिंगांच्या कडा गोल झाल्या असतील तर केस पॉलिश झालीय. चावीवर कंपनीची खूण नसेल तर चावी बदललेली असण्याची शक्यता मोठी. अर्थात काही घड्याळांच्या मूळ चाव्याही साध्याच असत.

आता झाकण

मागचं झाकण घड्याळजीकडूनच उघडवा, आणि भर पावसात नको. जुलैत उघडलं की दमट हवा आत कोंडली जाते. आत आधी गंज शोधा. तो चावीच्या दांडीपासून सुरू होतो, कारण पाणी आणि घाम तिथूनच शिरतात. दांडी तांबूस असेल तर भाव निम्म्यावर आणा. कॅलेंडरच्या चकतीपर्यंत गंज गेला असेल तर सोडून द्या. जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळूणकडची घड्याळं बघताना मी झाकणाच्या आतली कडही तपासतो. गाळाची बारीक रेघ तिथे राहते.

मग आकडे. इथे सिकोसारखं सरळ घड्याळ नाही. झाकणावर चार आकडे, आडवी रेघ आणि पुन्हा चार आकडे असतात. पहिले चार मशीनचा क्रमांक, उदाहरणार्थ 7009 किंवा 6309. मशीनवरही तोच हवा. तबकडीच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत एक कोड असतो, त्याचेही पहिले चार आकडे तेच हवेत. तिन्ही जुळले नाहीत तर ते दोन-तीन घड्याळांचं कडबोळं आहे. झाकणावरच्या सहा आकडी अनुक्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, दुसरा महिन्याचा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी. पहिला आकडा 7 असेल तर घड्याळ 1977 चंही असेल आणि 1987 चंही. दशक मॉडेलवरून ओळखावं लागतं.

गेल्या वर्षी काकूने तिच्या ट्रंकेतून एक डबी काढली. "ह्या तुझ्या काकान कुवेतसून आणलेल्यान," म्हणाली. 7009 होतं. चावी एक टप्पा बाहेर ओढून फिरवली तर वाराच्या खिडकीत आधी इंग्रजी आणि मग अरबी अक्षरं आली. आखातात विकल्या गेलेल्या सिकोंत वाराची चकती अशी दुभाषी असे. ती बघून हे घड्याळ तिथलंच, हे मला काकूच्या शब्दाशिवायही कळलं असतं. अरबी वार बघून "डुप्लिकेट आहे" म्हणणारे दुकानदार मी पाहिलेत, आणि चकती इंग्रजी-हिंदी करून देतो म्हणणारेही. त्यांना हात लावू देऊ नका. आणि रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान वार-तारीख अशी फिरवू नका. त्या वेळी दाते आपोआप बदलाच्या कामात गुंतलेले असतात आणि तुटतात.

सगळंच मूळ हवं असा हट्टही नको. काच, पट्टा, रबरी रिंग, मेनस्प्रिंग (मशीन चालवणारी मुख्य स्प्रिंग) हे झिजणारे भाग. ते बदलले म्हणून घड्याळ खोटं होत नाही. तबकडी, काटे, केस आणि मशीन मात्र एकमेकांचेच हवेत.

जूनपासून घड्याळं हवाबंद स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. चामड्याचे पट्टे काढून वेगळे, नाहीतर गणपतीपर्यंत त्यांना बुरशी धरते. रंग बदलणारं जेल मिळालं तर उत्तम, कधी वाळवायचं ते दिसतं.

प्रत्येक घड्याळाबरोबर एक चिठ्ठी ठेवा: कुणाकडून आलं, कधी उघडलं, काय बदललं. काकांच्या सिकोच्या चिठ्ठीवर लिहिलंय, "काच नवी, रिंग नवी, पट्टा नवा." काकूला अजून ते पॉलिश करून मुलाच्या लग्नात घालायला द्यायचंय. मी डिसेंबरपर्यंत वेळ मागून घेतलाय.