प्राण्यांच्या दवाखान्याचा काउंटर सांभाळताना या चुका टाळा

"बोक्याला दोन दिवस शी होत नाहीये, उद्या संध्याकाळची वेळ मिळेल?" असा फोन आला की नवखा माणूस वही उघडून वेळ देऊन टाकतो. घात इथेच होतो. शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये बसून कुंथणारा बोका पाहून घरच्यांना बद्धकोष्ठ वाटतं. पुष्कळदा तुंबलेली असते लघवी. नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो. त्यात खडा किंवा चिकट गाळ अडकला की रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. म्हणून आधी विचारा: नर की मादी? ट्रेमधली वाळू शेवटची ओली कधी दिसली? सारखा जाऊन बसतो का? उलटी झाली का? नर असेल आणि लघवी दिसलीच नसेल, तर "आत्ता निघा" म्हणा आणि डॉक्टरांना लगेच कळवा. मोठ्या जातीच्या कुत्र्याचं पोट फुगलंय, उमासे येतात पण बाहेर काही पडत नाही, हा फोनही त्याच रांगेतला. जठराला पीळ पडलेला असू शकतो.

विष खाल्ल्याच्या फोनवर "मिठाचं पाणी पाजा" सांगू नका, मिठाचीच विषबाधा होते. काय, किती, केव्हा खाल्लं आणि प्राण्याचं वजन लिहून घ्या, पाकीट सोबत मागवा, बाकी डॉक्टर सांगतील. उंदराचं औषध खाल्लेलं कुत्रं बरेचदा 2-3 दिवस ठणठणीत दिसतं, रक्तस्राव मागाहून सुरू होतो. तेव्हा "खेळतोय हो" यावर विसंबू नका.

लस न झालेलं, उलट्या आणि रक्ताचे जुलाब होणारं पिल्लू बाकावर बसवू नका. बाहेर रिक्षातच थांबवा. त्याला पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांमध्ये झपाट्याने पसरणारा जीवघेणा जुलाबाचा आजार, असू शकतो आणि त्याचा विषाणू साध्या फिनाइलला दाद देत नाही. आधी घाण साबणाने धुवा, मग 1 भाग घरगुती लिक्विड ब्लीच आणि 30 भाग पाणी लावून 10 मिनिटं फरशी ओली ठेवा.

फाइल प्राण्याच्या नावावर शोधू नका, ब्रुनो आणि शेरू गल्लोगल्ली आहेत. मोबाइल नंबरावरून काढा. वजन दर खेपेला नव्याने घ्या, डोस त्यावरच ठरतो.

ऑपरेशनआधी नुसतं "उपाशी आणा" सांगितलं की सकाळी दूध-बिस्किट हमखास दिलं जातं. डॉक्टरांनी ठरवलेली नेमकी वेळ सांगा, मेसेजही करा. आणि हो, ससा किंवा गिनीपिग असेल तर हा मेसेज पाठवूच नका: भुलीत उलटी होऊ नये म्हणून उपाशी ठेवतात, पण त्यांना उलटी होतच नाही, उलट उपाशी ठेवलं की आतडी मंदावतात.