गाठीचा तुकडा नागपूरला नेताय? आधी डबी पाहा

तालुक्याले गाठ काढली का बायोप्सीचा, म्हंजे तपासाले काढलेला, तुकडा डबीत टाकून नातेवाइकाच्याच हातात देतात नं, मंग एसटीनं नागपूर नाहीतर सेवाग्राम. तवा डबी रुंद तोंडाची आहे का पाहा अन् त्यात १० टक्के फॉर्मॅलिन, म्हंजे तुकडा सडू नये म्हणून टाकतात ते औषधाचं पाणी, तुकड्याच्या कमीत कमी १० पट पाहिजे, कारण ते आत शिरते तासाला जेमतेम १ मिलिमीटर, कमी पडलं का तुकडा मधातून सडते, मंग रिपोर्ट काय येईन कप्पाळ! नुसत्या सलाईनमधे नेऊ नका. टीबीचं कल्चर, म्हंजे जंतू वाढवून पाहाची तपासणी, करायचं असन तर मात्र वेगळा तुकडा, बिनाफॉर्मॅलिनचा, सलाईनमधे, हे डॉक्टरलेच आधी विचारा. फॉर्मॅलिनच्या डबीले बर्फ नको. नाव झाकणावर नाही, डबीवर लिवा. अन् वास घेऊन पाहू नका बापा, डोळे लय झोंबतात.