रोटरी गाडी डायनोवर मोजताना या चुका टाळा

माझ्याकडे २००४ सालची माझदा आरएक्स-८ आहे, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या रोटरी इंजिनाची गाडी, आणि डेन्व्हरमध्ये राहायला आल्यापासून मी ती दरवर्षी एकदा तरी डायनोवर, म्हणजे गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, नेतो. हे माहीत असल्यामुळे अमेरिकेत, आखातात आणि ऑस्ट्रेलियात जुनी आरएक्स-८ घेतलेले मराठी मित्र त्यांचे डायनोचे कागद मला पाठवत असतात. बहुतेक कागदांसोबत एकच प्रश्न येतो : कंपनीने २३८ अश्वशक्ती सांगितली असताना माझी गाडी १७५च का दाखवते? या प्रश्नामागे ज्या चुका असतात, त्याच त्या चुका वर्षानुवर्षे पाहून आता त्या एकदा नीट लिहून काढाव्यात असे वाटले.

पहिली चूक म्हणजे कोणत्या आकड्याशी तुलना करायची हेच न ठरवणे. कंपनीचा आकडा इंजिनाच्या शाफ्टवरचा असतो, तर रोलरच्या डायनोचा आकडा गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर यांतून गळून उरलेल्या शक्तीचा असतो. त्यातही कंपनीचा आकडा एकच नाही. २००३ मध्ये अमेरिकेत आरएक्स-८ची शक्ती आधी २४७ म्हणून जाहीर झाली. उत्सर्जन-नियमांसाठी शेवटच्या टप्प्यात कॅलिब्रेशन बदलल्यामुळे ती २३८ करावी लागली आणि नाराज ग्राहकांची गाडी परत घेण्याची तयारी माझदाने दाखवली. पुढे एसएई या अमेरिकी वाहन-अभियंत्यांच्या संस्थेची मोजण्याची पद्धत बदलल्यावर २००६च्या गाडीला २३२ हा आकडा मिळाला. जपानमधल्या गाडीची २५० आणि युरोपातल्या गाडीची २३१ ही संख्या पीएसमध्ये, म्हणजे मेट्रिक अश्वशक्तीत, आहे, आणि पीएस हे अमेरिकी अश्वशक्तीपेक्षा सुमारे दीड टक्क्याने लहान माप आहे. अमेरिकी मॅन्युअल गाडीने चाकांवर १७० ते १८५ दाखवले, तर ती गाडी निरोगी आहे असे मी समजतो.

चाकांवरच्या आकड्यात पंधरा किंवा वीस टक्के मिळवून ‘खरी’ शक्ती काढणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी उद्योग आहे, कारण ती टक्केवारी तुमच्या गाडीवर कोणीही मोजलेली नसते.

आता ज्या चुकीचा मला मनापासून त्रास होतो तिच्याकडे वळतो. लोक कागदावरचा सर्वांत मोठा आकडा वाचतात आणि फेऱ्यांनुसार शक्ती दाखवणारी वक्ररेषा वाचतच नाहीत. शेजारच्या शहरातल्या एका तरुणाच्या आरएक्स-८ने चाकांवर १४८ दाखवले होते. डायनोवाल्याने त्याला सांगितले की रोटरी इंजिने अशीच झिजतात. या मुलाने घाईघाईने नवा एअर इन्टेक घेतला, एक्झॉस्ट बदलला, पुन्हा डायनोवर गेला आणि १५१ घेऊन परतला. तेव्हा कुठे त्याने मला कागद पाठवला. रेषा इतकी गुळगुळीत होती की ती पाहताक्षणीच मला शंका आली, आणि कोपऱ्यात पाहिले तर स्मूदिंग (रेषेतले बारीक चढउतार पुसण्याची सोय) पाचवर, म्हणजे त्या सॉफ्टवेअरमधल्या कमाल पातळीवर ठेवलेले होते. मी मूळ फाइल मागवून घेतली आणि स्मूदिंग शून्यावर आणले.

आरएक्स-८च्या रेनेसिस इंजिनात हवा आत घेण्याचे मार्ग टप्प्याटप्प्याने उघडतात. मिनिटाला साधारण ३,७५० फेऱ्यांवर दुसरा मार्ग खुला होतो, ६,२५०च्या आसपास सहायक पोर्टच्या (हवेच्या जादा तोंडांच्या) झडपा वळतात आणि ७,२५०च्या आसपास इन्टेकची नळी प्रत्यक्षात आखूड केल्यासारखा परिणाम करणारी झडप उघडते. निरोगी गाडीच्या कच्च्या रेषेत या जागी लहान खांदे दिसतात. या मुलाच्या रेषेत ३,७५०चा खांदा होता, पण ६,२५०नंतर खांदा तर नव्हताच, उलट रेषा तिथून दमल्यासारखी आडवी होऊन खाली झुकत होती. इन्टेक मॅनिफोल्ड उतरवल्यावर सहायक पोर्टच्या नळकांडी झडपा काजळीने जागच्या जागी घट्ट बसलेल्या सापडल्या. त्या काढून, साफ करून, हाताने सहज फिरतील अशा केल्यावर त्याच डायनोवर त्याच दुरुस्ती-गुणकाने (हवेनुसार आकडा दुरुस्त करणाऱ्या गुणकाने) १७६ आले. इन्टेक आणि एक्झॉस्टवर गेलेला पैसा मात्र परत आला नाही. म्हणून डायनोवाल्याकडून छापील कागदाबरोबर मूळ फाइलही मागून घ्यावी आणि स्मूदिंग शून्यावर ठेवलेली रेषा आधी पाहावी.

याच्याही आधी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन हवा किती दाबते, ते तपासलेले असावे. साध्या पिस्टन इंजिनाचा मापक इथे चालत नाही, कारण प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगवेगळे आकडे लागतात. मिनिटाला २५० फेऱ्यांना आणून दुरुस्त केलेला आकडा ६८० किलोपास्कलच्या खाली असेल, तर डायनोचे पैसे वाचवून ते इंजिनासाठी ठेवावेत. इग्निशन कॉइलही तपासाव्यात, कारण थकलेल्या कॉइल रस्त्यावर गप्प राहतात आणि ८,००० फेऱ्यांवर पूर्ण भाराखाली चुकू लागतात.

दुसरी मोठी चूक फेऱ्यांच्या नोंदीची आहे, आणि ती पिस्टन इंजिनांची सवय असलेल्या अनुभवी माणसांकडूनही होते. चार-स्ट्रोक पिस्टन इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा प्लग शाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. रोटरी इंजिनात रोटरच्या एका फेऱ्यात एक्सेंट्रिक शाफ्ट (इंजिनाचा मुख्य शाफ्ट) तीन वेळा फिरतो, रोटरला तीन बाजू असतात, आणि त्यामुळे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरमध्ये एक ज्वलन होते. आरएक्स-८च्या एका प्लगच्या वायरीला डायनोचा फेरे मोजणारा चिमटा लावून यंत्र पिस्टनच्या नेहमीच्या सेटिंगवर सोडले, तर पडद्यावर दुप्पट फेरे दिसतात. तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७मध्ये लीडिंग प्लगच्या (रोटरच्या दोन प्लगांपैकी आधी पेटणाऱ्याच्या) वायरीतून शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन ठिणग्या जातात, म्हणजे तिथे घोटाळा आणखी वाढतो.

एका सद्गृहस्थांनी मला असाच कागद पाठवला होता. कमाल शक्ती १८०, पण त्या जागी टॉर्क (फिरवण्याचा जोर) जेमतेम ५७ पाउंड-फूट, आणि त्यावरून त्यांनी रोटरीला टॉर्कच नसतो असा निष्कर्ष काढून गाडी विकायला काढली होती. रोलरचा डायनो शक्ती रोलरच्या वेगावरून आणि त्यावरच्या बलावरून काढतो, त्यासाठी इंजिनाचे फेरे लागत नाहीत. टॉर्क मात्र शक्तीला ५,२५२ने गुणून फेऱ्यांनी भागल्यावर मिळतो. त्यामुळे त्यांचे १८० बरोबर होते, ८,३०० फेऱ्यांऐवजी १६,६०० नोंदले गेल्यामुळे ११४चा टॉर्क निम्मा झाला होता. शक्ती आणि टॉर्क यांच्या रेषा ५,२५२वर छेदतात, म्हणजे कागद खरा आहे, असे काही जण सांगतात. त्या समजुतीवर विसंबू नये, कारण फेरे चुकीचे असले तरी त्याच सूत्रामुळे रेषा पडद्यावरच्या ५,२५२वरच छेदतात. माझी सवय अशी की पहिल्या रनपूर्वी (मोजणीपूर्वी) चौथ्या गिअरमध्ये ३,००० फेऱ्यांवर गाडी स्थिर धरतो आणि डॅशबोर्डवरचा काटा व डायनोचा पडदा एकच आकडा दाखवतात याची खात्री करून घेतो. एका फेऱ्याला एक ठिणगी हे सेटिंग करायला अर्धा मिनिटही लागत नाही.

दुरुस्ती-गुणकाबद्दल मी कठोर आहे. एसएईचा जे१३४९ गुणक २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेला धरून आकडा दुरुस्त करतो, तर जुना एसटीडी गुणक त्याच गाडीला सुमारे चार टक्के जास्त देतो, आणि तो निवडून फुगवलेले कागद मी पुष्कळ पाहिले आहेत. आमचे डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे एसएईचा गुणक १.२२च्या आसपास निघतो. माझ्या आरएक्स-८ला टर्बो नाही, म्हणून तिला तो बऱ्यापैकी लागू पडतो. पण टर्बोवाल्या आरएक्स-७ला तोच गुणक लावणे अन्यायाचे आहे, कारण विरळ हवेतली बरीच तूट टर्बो स्वतःच भरून काढतो आणि तीच तूट मग कागदावर दुसऱ्यांदा भरली जाते. कच्चा आकडा, गुणकाचे नाव आणि हवेचा दाब हे तिन्ही कागदावर नसतील, तर तो कागद मी तुलनेसाठी घेत नाही.

गिअर शक्यतो एकास एक गुणोत्तराच्या जवळचा निवडावा. सहा गिअरच्या आरएक्स-८मध्ये तो पाचवा आहे, पण त्यात ९,००० फेऱ्यांना रोलरवरचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या घरात जातो, म्हणून मी चौथाच वापरतो. जपानमधून आणलेल्या गाडीत ताशी १८० किलोमीटरची मर्यादा कायम असेल, तर चौथ्यातही रेषा कमाल शक्तीच्या आधीच तुटते. अशा गाडीला तिसरा गिअर लावावा. स्थिरता-नियंत्रणाचे बटण नुसते दाबून भागत नाही. पुढची चाके थांबलेली आणि मागची धावत असलेली पाहून ते थ्रॉटल बंद करते, म्हणून ते पूर्ण बंद झाल्याचा दिवा लागेपर्यंत बटण दाबून धरावे. गाडी बांधणाऱ्या पट्ट्यांचा ताण आणि टायरचा दाब प्रत्येक वेळी सारखाच ठेवावा. दोन वेगळ्या डायनोंचे आकडे शेजारी ठेवू नयेत.

उष्णतेच्या बाबतीत उतावळ्या नवशिक्यांनी केलेले नुकसान मी डोळ्यांनी पाहिले आहे. रोटरी इंजिन तेलातून खूप उष्णता बाहेर टाकते आणि आरएक्स-८चे ऑइल कूलर बंपरच्या कडांना असतात, त्यामुळे मधोमध ठेवलेला एक पंखा रेडिएटरला वारा देतो आणि कूलर तापतच राहतात. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा तर मोठ्या पट्ट्यात मध्यावरच उभा राहतो, म्हणून ओबीडीवरून (गाडीच्या निदान-जोडणीवरून) खरे तापमान वाचावे. मी दोन पंखे मागतो, दोन रनमध्ये सहा मिनिटे थांबतो, पहिला रन सोडून देतो आणि पुढच्या दोघांची सरासरी घेतो. लागोपाठ आठ रन मारून त्यांतला सर्वांत मोठा आकडा मिरवणाऱ्याला मी गाडीचा शत्रू समजतो.

शेवटची गोष्ट डायनोवाल्याला आधीच सांगून ठेवावी. थंड रोटरी गाडी चालू करून, वीस पावले सरकवून, लगेच बंद केली तर प्लग पेट्रोलने भिजतात आणि ती पुन्हा चालू होत नाही. माझी गाडी एकदा अशीच रोलरवर अडकून बसली आणि मागच्या तीन गिऱ्हाइकांचा दिवस वाया गेला. आता गाडी मी स्वतःच चढवतो, गरम होईपर्यंत चालू ठेवतो आणि बंद करण्यापूर्वी ३,००० फेऱ्यांवर दहा सेकंद धरतो. तरीही भिजलीच, तर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा. त्या स्थितीत ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल तोडतो आणि आतले पेट्रोल बाहेर निघून जाते. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये, आणि सोबत चार्ज केलेली दुसरी बॅटरी असावी.