वीट की दगड? घराच्या बाहेरच्या भिंतीबाबत या चुका टाळा

घर बांधायला काढलं की पहिल्याच भेटीत मोबाइल पुढे येतो. त्यात कुठल्यातरी बंगल्याचा फोटो असतो, खाली दगड, वर उघडी वीट. "आम्हाला अस्संच हवंय." पाऊस कुठल्या बाजूने झोडपतो, छज्जा किती बाहेर काढणार, दगड घडवणारा माणूस गावात आहे का, यातलं काहीच ठरलेलं नसतं. घाटावर आणि कोकणात, दोन्हीकडच्या बांधकामांवर मी देखरेख करतो. चुका मात्र दोन्हीकडे त्याच त्याच दिसतात.

सगळ्या महाराष्ट्राला एकच उत्तर लावणं ही त्यातली पहिली. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, अहिल्यानगर-सोलापूरकडे ५०० ते ७००. सोलापुरात उघडी वीट वर्षानुवर्षं छान राहते. तीच वीट रत्नागिरीत पश्चिमेच्या भिंतीला उघडी ठेवली की दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात हिरवी-काळी पडते. कोकणात जांभ्याचा चिरा जवळच्या खाणीतून येतो, त्याला हात लावणारे गवंडीही तिथेच असतात. देशावर काळा दगड मुबलक आहे, पण त्याला टाकी मारणारे पाथरवट कमी झालेत. जे जवळ मिळतं आणि ज्यात तिथल्या गवंड्याचा हात बसलाय, ते घ्या. हौस म्हणून लांबून आणलेला माल वाहतुकीत फुटतो, आणि वर्षभराने चार नग बदलायचे म्हटलं तर त्या रंगाचे मिळत नाहीत.

दगड किंवा वीट यांतलं एकच निवडायला हवं असंही नाही. जुन्या वाड्यांची जोती दगडी आणि वरचं काम विटांचं असायचं. शनिवारवाड्याचा तट पाहा, खाली घडीव दगड आणि वर वीट आजही दिसते. जमिनीलगतची ओल आणि पावसाचे उडणारे शिंतोडे काळा दगड सहन करतो. वर वीट हलकी पडते आणि कामही लवकर उरकतं. बजेट मर्यादित असेल तर मी आजही हेच सुचवतो: जोतं आणि त्यावर दोन-अडीच फूट दगड, पुढे वीट.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक. दगडी भिंत परवडत नाही म्हणून विटेच्या भिंतीवर दगडाच्या पट्ट्या चिकटवतात, म्हणजे क्लॅडिंग. यात गैर काही नाही. गैर आहे ती चिकटवण्याची पद्धत.

सातारा जिल्ह्यात वाईच्या पुढे एका निवृत्त शिक्षकांच्या घरी मला बोलावलं होतं. तक्रार होती झोपायच्या खोलीतल्या ओलीची. बाहेरून पश्चिमेची दोन मजली भिंत काळ्या दगडाच्या पट्ट्यांनी मढवलेली, दिसायला देखणी. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो तर निम्म्या पट्ट्या बद्द वाजत होत्या. एक पट्टी थापीच्या टोकाने उचकटली, ती अख्खी हातात आली. पाठ कोरडी, दगडाच्या भुकटीने पांढुरकी, सिमेंटचा कणही तिला धरलेला नव्हता. मागे गुळगुळीत गिलावा, त्यावर सिमेंट-वाळूच्या मालाचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत शेवाळ आणि मुंग्यांची माती. वरची कड सताड उघडी होती, छज्जा नाही, उतार नाही. पावसाचं पाणी वरून पोकळीत शिरायचं, तिथेच थांबायचं आणि विटेतून आत पाझरायचं. ठेकेदाराने आतून तीनदा वॉटरप्रूफिंगचे पैसे घेतले होते. खालच्या ओळीतल्या चार पट्ट्या आधीच्या पावसात रात्री निखळल्या होत्या, नेमक्या तिथे जिथे दिवसा नातवंडं सायकल खेळत. त्यांनी त्या परत चिकटवून घेतल्या होत्या, त्याच पद्धतीने. शेवटी सगळी भिंत उतरवावी लागली.

वजनाचा हिशेब कुणी करत नाही. २० मिलिमीटरची काळ्या दगडाची पट्टी आणि मागे तेवढाच माल धरला तर चौरस मीटरला साधारण १०० किलो भरतात. दहा बाय दहा फुटांच्या भिंतीवर जवळजवळ एक टन. तो पाच गोळ्यांवर टांगायचा?

मी करून घेतो ते असं. क्लॅडिंग येणार असेल तिथे गिलावा खरबरीत ठेवायचा, वरचा गुळगुळीत हात मारायचाच नाही. आधीचा रंग असेल तर छिन्नीने टोचून काढायचा. प्रत्येक पट्टीची पाठ तारेच्या ब्रशने घासून धुवायची आणि वाळू द्यायची. पॉलिमरचं चांगलं अ‍ॅडेसिव्ह भिंतीवर दातेरी पट्टीने आणि दगडाच्या पाठीवरही, पूर्ण, एकही जागा रिकामी न सोडता. पहिल्या मजल्याच्या वर किंवा पट्टी जाड असेल तर स्टेनलेस स्टीलच्या पिना किंवा क्लॅम्प लावल्याशिवाय मी काम पुढे जाऊ देत नाही. साधी लोखंडी तार चालणार नाही. ती गंजते, फुगते आणि दगडच फोडते. वरची कड छज्जाखाली घ्यायची किंवा तिला उताराची टोपी द्यायची. आणि काम चालू असताना ताजी लावलेली एक पट्टी मी स्वतः उपटून बघतो. पाठीवर सगळीकडे माल चिकटलेला दिसला तरच पुढची ओळ. कारागीर कुरकुरतात, कुरकुरू देत.

आणखी एक चूक कोकणातली, आणि ती पाहून मला खरंच वाईट वाटतं. सुंदर चिऱ्याची भिंत बांधतात आणि "पाणी पिऊ नये" म्हणून बाहेरून ऑइल पेंट किंवा चकचकीत व्हार्निश फासतात. चिरा छिद्रांचा दगड आहे. तो पावसात पाणी घेतो आणि उन्हात सोडतो. बाहेरून पडदा बसला की दर्जांतून, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांतून, जोत्यातून, भिंतीच्या माथ्यावरून शिरलेलं पाणी बाहेर पडू शकत नाही. मग पापुद्रे सुटतात, त्यांच्याबरोबर चिऱ्याची वरची कातडीही जाते, आणि आतल्या खोलीतला गिलावा फुगतो. जुन्या माणसांनी यावर रंग लावला नव्हता. ते वळचण लांब काढत, पागोळ्या भिंतीपासून दूर पाडत आणि पावसाळ्यात झोडपणाऱ्या बाजूला विणलेल्या झापांचा आडोसा करत. आज एवढं केलं तरी पुरे: छज्जा दोन फुटांपेक्षा कमी नको, त्याच्या कडेला खालून खाच द्या म्हणजे पाणी उलटं भिंतीकडे येणार नाही, दर्जा नीट भरून घ्या. तरीही काही लावायचंच असेल तर भिंतीला श्वास घेऊ देणारं सिलेन-सिलॉक्सेनचं पारदर्शक द्रावण, तेही एक पावसाळा काढून, पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये, भिंत खडखडीत कोरडी असताना. गुढीपाडव्याला गृहप्रवेश ठरलाय म्हणून ओल्या भिंतीवर काहीही फासू नका. मुहूर्त आणि भिंतीचं वाळणं यांत भिंतीला पुढे जाऊ द्या.

चिऱ्याबाबत आणखी एक. खाणीतून निघतो तेव्हा तो मऊ असतो, हवा लागून घट्ट होतो. आज कापलेला चिरा उद्या भिंतीत घालायची घाई करू नका.

खऱ्या दगडी भिंतीची, म्हणजे छताचा भार घेणाऱ्या भिंतीची ज्यांना हौस आहे, त्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. तिथल्या जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या होत्या, बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये भर. धक्क्याने दोन्ही थर सुटले आणि वरची माळवदं खाली आली. भिंत जाड होती, एकसंध नव्हती. म्हणून उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर भिंतीच्या आरपार जाणारा थ्रू-स्टोन हवाच. जोतं, लिंटेल (दारं-खिडक्यांचा माथा) आणि छत या पातळ्यांवर आरसीसीचे पट्टे हवेत. थ्रू-स्टोन बसवताना जागेवर उभे राहा. भिंत पूर्ण झाली की तो आत गेलाय की नाही हे कळायला मार्ग राहत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

कोरडी वीट लावू नका. ती मालातलं पाणी शोषते आणि सांधा भुसभुशीत होतो. काळ्या दगडाचं उलट आहे, तो पाणी पीत नाही, त्यामुळे त्याचा माल घट्ट ठेवा.

वीट हातात घेऊन पारखा. दोन विटा आपटल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत, नखाने चरा पडता कामा नये. कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात ठेवा. भारतीय मानकाप्रमाणे साध्या विटेचं वजन २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये. तीन किलोची वीट ३.६ च्या वर गेली तर ट्रक परत पाठवा.

उघड्या विटेच्या कामाला दोन भट्ट्यांचा माल मिसळू नका.

शहाबादी किंवा जैसलमेरच्या दगडावरचे सिमेंटचे डाग अ‍ॅसिडने धुऊ नका. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, अ‍ॅसिड त्यांना खातं. डाग ओला असतानाच पुसा.

विटेवर पांढरा लोणा फुटला तर पाणी मारू नका, ते क्षार परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा आणि पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. रंग देऊन लोणा झाकणारा ठेकेदार भेटला तर त्याला तिथेच थांबवा.

आणि माल मागवण्याआधी चार बाय चार फुटांची नमुन्याची भिंत बांधून घ्या, ज्या गवंड्याला काम देणार आहात त्याच्याच हाताने. सात-आठ दिवस पाणी मारा, वाळू द्या, मग तिच्यावर पाइपने पाणी सोडा आणि मागच्या बाजूला ओल कुठे उमटते ते बघा. नमुना पटेपर्यंत मी ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ देत नाही.