आधी १०८, मग व्हिडिओ: दुर्गम वाडीत टेलिमेडिसिन वापरताना

वेल्हे, मुळशी, भोर, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात पेशंट अत्यवस्थ झाला की नेहमी एकच चूक होते. फोटो आणि रिपोर्ट आधी तीन-चार डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर जातात, उत्तराची वाट पाहण्यात पंधरा-वीस मिनिटं उडतात आणि १०८ चा फोन त्यानंतर लागतो. क्रम उलटा हवा. अॅम्ब्युलन्स निघाली की ती पोचेपर्यंतचा वेळ टेलिमेडिसिनने भरायचा. केंद्र सरकारच्या २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: तातडीच्या प्रसंगी दूरवरचा डॉक्टर सल्ला देईल, प्रथमोपचार सांगेल आणि पुढे पाठवेल. प्रत्यक्ष तपासणीची जागा फोन घेत नाही.

त्यासाठी दोन माणसं आणि दोन फोन लागतात. एकाने १०८ शी बोलायचं, दुसऱ्याने डॉक्टरशी. पत्ता सांगताना वाडी, ग्रामपंचायत, तालुका आणि डांबरी रस्त्यावरची पक्की खूण द्या. 'देवळाजवळ' म्हणून भागत नाही, देऊळ प्रत्येक वाडीला असतं. गाडी वाडीपर्यंत येत नसेल तर पेशंटला डोलीतून कुठल्या फाट्यावर आणणार हेही तेव्हाच सांगा. पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवू नका.

उपकेंद्रातली तयारी

ई-संजीवनी ही सरकारी टेलिमेडिसिन सेवा मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवली (सी-डॅकचं मुख्यालय मात्र आपल्या पुण्यात). आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे उपकेंद्रात, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) पेशंटसोबत बसतात आणि पलीकडे डॉक्टर असतो. ही पद्धत चांगली आहे, कारण पेशंटच्या अंगाला हात लावणारं कुणीतरी जवळ असतं. त्या हातांना काय येतं यावरच सगळा सल्ला अवलंबून राहतो.

दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा आणि पावसाळ्याआधी कुठल्या कोपऱ्यात कुणाची रेंज येते ते फिरून बघून भिंतीवर लिहा. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि टॅब चार्ज असूनही काम थांबतं, म्हणून राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. व्हिडिओ अडकू लागला की तो लगेच बंद करून आवाजावर या, फोटो वेगळे पाठवा. अडकत अडकत चाललेल्या व्हिडिओपेक्षा स्पष्ट आवाज आणि दोन चांगले फोटो केव्हाही बरे.

पेशंटला खिडकीकडे तोंड करून बसवा. पाठीमागे उजेड असला तर चेहरा काळा दिसतो आणि ओठांचा निळेपणा, डोळ्यांचा पिवळेपणा कळत नाही. ऑक्सिमीटर लावण्याआधी बोटावरची नेलपॉलिश, मेंदी बघा. भिजून गार पडलेल्या हातावर आकडा चुकतो, तेव्हा हात चोळून गरम करा आणि आकडा स्थिर झाल्यावरच सांगा. फोन लागण्याआधी बीपी, नाडी, श्वास पूर्ण एक मिनिट मोजून, ताप, ऑक्सिजन आणि ग्लुकोमीटरवरची साखर कागदावर लिहून ठेवा. साखर विसरू नका. बेशुद्धी, झटके, बडबड, अर्धांगवायूसारखी लक्षणं यांत साखर कमी झालेली असू शकते आणि ती तिथेच दुरुस्त होते.

छातीत दुखतंय

पेशंट आल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी. फोटो कागद सपाट ठेवून, वरून, सावली न पाडता काढा. नाव, वेळ आणि २५ मिलिमीटर प्रतिसेकंद वेगाची खूण फोटोत आली पाहिजे. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, कारण साध्या फोटोत बारीक रेषा पुसट होतात. पाठवण्याआधी कागदावर 'I' लिहिलेली रेषा (लीड वन) बघा: तिथे सगळं उलटं आणि 'aVR' लिहिलेल्या रेषेत सरळ दिसत असेल तर बहुतेक दोन्ही हातांच्या तारांची अदलाबदल झालेली असते. बाईचा ईसीजी काढताना पडदा आणि आशाताई सोबत हव्यात. त्या नसल्या की संकोचाने इलेक्ट्रोड भलतीकडेच लागतात. अॅस्पिरिन चावून द्यायची का, हे डॉक्टरला त्याच कॉलवर विचारा. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका, बीपी आधीच खाली असेल तर ती गोळी पेशंटला पाडते.

अर्धांगवायूत एकच प्रश्न महत्त्वाचा: पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला? रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. सीटी स्कॅन होईपर्यंत अॅस्पिरिन नाही.

सर्पदंश

चावल्याची वेळ लिहा, दागिने काढा, अवयव फळीला बांधून हलू देऊ नका. चिरा मारू नका, घट्ट पट्टी बांधू नका. आधीच बांधून आणली असेल तर प्रतिविष हाताशी नसताना ती एकदम सोडू नका. सापाचा फोटो काढायला त्याच्यामागे धावायचीही गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं. मण्यारचा दंश झोपेत होतो, खूण दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या मिटायला लागतात. डॉक्टरला कॅमेऱ्यात पापण्या दाखवा, वर बघायला सांगा, एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते दर दहा मिनिटांनी ऐकवा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त गोठण्याची २० मिनिटांची तपासणी होते. २ मिली रक्त कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घेऊन न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरपं करायचं. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत रक्त नीट गोठत नाही आणि विष नसतानाही आहे असं वाटतं. रक्त गोठलं नाही किंवा पापण्या मिटू लागल्या तर प्रतिविषाचा पहिला डोस १० व्हायल (कुप्या), लहान मुलांनाही तेवढाच, कारण विष अंगाच्या मापाने कमी शिरत नाही. प्रतिविषाची रिअॅक्शन आली तर लागणारं अॅड्रेनलिन भरून शेजारी ठेवूनच सुरुवात करा. डोस टाळून 'वरच्या दवाखान्यात देतील' म्हणून पेशंट पाठवला की वाटेतच श्वास थांबू शकतो.

कीटकनाशक प्यायलं असेल तर

इथे तातडीची सेवा आणि मानसिक आरोग्य एकाच खाटेवर भेटतात, म्हणून जरा थांबू.

पहिला फोटो डब्याच्या लेबलचा, घटकांची नावं वाचता येतील असा. डबा टाकून देऊ नका, पेशंटसोबत पाठवा. औषध कुठलं यावर उपचार बदलतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर अॅट्रोपिन हा उतारा लागतो, पॅराक्वॅटसारखं तणनाशक असेल तर गरज नसताना ऑक्सिजन लावल्याने फुप्फुसाला अपायच होतो. उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. विष परत वर येताना श्वासनलिकेत जातं. हातमोजे घाला, कपडे काढा, अंग आणि केस साबणाने धुवा, पेशंटला डाव्या कुशीवर ठेवा.

केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी: ऑर्गॅनोफॉस्फेटमध्ये अॅट्रोपिन, ०.६ मिलिग्रॅमच्या अँप्युलने १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे ३ ते ५ अँप्युल, शिरेतून. छातीतली घरघर थांबेपर्यंत दर ५ मिनिटांनी मागच्या डोसच्या दुप्पट. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबू नका, फुप्फुसं कोरडी झाली का ते स्टेथोस्कोपने ऐका. विषतज्ज्ञ किंवा फिजिशियन फोनवर असतील तर प्रत्येक डोसची वेळ मोठ्याने बोला. गडबडीत लिहिणं राहून गेलं तरी पलीकडे नोंद होते. एवढं अॅट्रोपिन साठ्यात आहे का, हे फवारणीच्या दिवसांआधी बघायचं असतं.

नातेवाईक 'पोलिस केस होईल' म्हणून खोटं सांगतात, औषध 'चुकून' पोटात गेलं म्हणतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतात, शिक्षेचा विषय येत नाही. हे घरच्यांना शांतपणे सांगा, मग खरं नाव आणि खरी वेळ बाहेर येते.

पेशंट घरी परतला की काम सुरू होतं. आशाताईंनी पहिल्या दोन-तीन दिवसांत भेटायचं, मग दर आठवड्याला फोन. घरातलं कीटकनाशक शेजाऱ्याकडे किंवा कुलूपबंद पेटीत, किल्ली दुसऱ्याकडे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे तरी लागतात, आणि याच काळात 'काही फरक नाही' म्हणून गोळ्या बंद होतात. हे पहिल्याच कॉलवर सांगून टाका.

मनाच्या दुखण्याचा कॉल

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पण नंबर चिकटवून काम होत नाही. गावात कुणी 'मला नैराश्य आहे' म्हणत नाही. 'जीव घाबरा होतो', 'डोकं जड झालंय', 'अंगाला मुंग्या येतात', 'कशात मन लागत नाही' असं म्हणतात आणि तीनदा शक्तीचं इंजेक्शन घेऊन जातात. अशांना तिथेच कॉल लावून द्या.

कॉलच्या सुरुवातीला ठरवा: सध्या नेमका कुठे आहात, जवळ कोण आहे, फोन तुटला तर कोण कुणाला दोन मिनिटांत लावणार. हे न ठरवता अवघड प्रश्न विचारला आणि रेंज गेली तर पलीकडचा समुपदेशक हातावर हात धरून बसतो. सून बोलत असेल आणि सासू दारात असेल तर हेडफोन लावा, 'हो-नाही'मध्ये उत्तरं येतील असे प्रश्न विचारायला सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलासोबत मोठं माणूस असलंच पाहिजे. तुम्ही स्वतः कॉल लावत असाल तर पेशंटची स्पष्ट संमती घेऊन ती नोंदवा.

जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने कल्पना सुचत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हटलं तर कसं, कधी, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न केलाय का. योजना ठरलेली असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. एक माणूस शेजारी बसेल, दुसरा १०८ लावेल.

एखादा अचानक आरडाओरडा करू लागला तर 'अंगात आलंय' किंवा 'वेड लागलंय' ठरवण्याआधी ताप, साखर, ऑक्सिजन, डोक्याला मार बघा. रोज पिणाऱ्याने दारू सोडून दोन-तीन दिवस झाले असतील, हात थरथरत असतील, भिंतीवर किडे दिसत असतील, तर ती वैद्यकीय तातडी आहे. त्याला ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं. समुपदेशनाने ते थांबत नाही.

लिथियम या मनाच्या आजारावरच्या औषधावर असलेल्या पेशंटला उन्हाळ्यात शेतात भरपूर पाणी प्यायला सांगा. जुलाब लागले किंवा अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेन घेतली तर लिथियम रक्तात साठतं, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचं. अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं फोनवरच्या सल्ल्यावर लिहून मिळतील अशी अपेक्षा पेशंटला दाखवू नका. त्यासाठी प्रत्यक्ष ओपीडीची तारीख घेऊन एसटीच्या वेळेसकट चिठ्ठीवर लिहून द्या.