ओ-टूवर कोसळणारा कर्नल: इनलाइन असेम्ब्लीतली रजिस्टरं कशी दुरुस्त करावी

डिचोलीत रविवारी माझ्याकडे काही मुलं-मुली येतात. बहुतेक जण फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकतात आणि क्यूईएमयूवर (संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालणारा छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतः लिहितात. "ताई, ओ-झीरोवर चालतं, ओ-टू लावलं की पडतं," असं कोणी म्हणालं (ओ-झीरो म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद, ओ-टू म्हणजे चालू) की जीसीसी या कंपायलरला दोष देण्याआधी मी त्यांना इनलाइन असेम्ब्ली, म्हणजे सी कोडच्या मधेच लिहिलेल्या प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन, उघडायला लावते.

अवतरणचिन्हांत तुम्ही काय लिहिलंय ते जीसीसीला समजत नाही. टक्के-शून्य, टक्के-एकच्या जागी तो रजिस्टरांची (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागांची) नावं भरतो आणि मजकूर असेम्ब्लरकडे सोपवतो. काय वाचलं, काय बदललं हे त्याला कळतं ते फक्त कोलननंतरच्या याद्यांतून: आउटपुट, इनपुट, क्लॉबर (याशिवाय जे काही बदलतं ते). म्हणून आधी इंटेलच्या मॅन्युअलमधलं त्या इन्स्ट्रक्शनचं पान काढा आणि कागदावर दोन रकाने आखा, 'वाचते' आणि 'बदलते'. आमच्याकडे पावसात वीज गेली की मी मुद्दाम हेच काम देते.

साखळीहून येणाऱ्या एका मुलीची मेमकॉपी, म्हणजे एका जागेचे बाइट दुसरीकडे उतरवणारं फंक्शन, घ्या. आत 'रेप मॉव्हएसबी' ही बाइट उतरवणारी इन्स्ट्रक्शन होती आणि इनपुटच्या यादीत कॅपिटल 'डी', कॅपिटल 'एस' आणि स्मॉल 'सी', म्हणजे आरडीआय (कुठे), आरएसआय (कुठून) आणि आरसीएक्स (किती). 'वाचते' हा रकाना बरोबर होता. पण ही इन्स्ट्रक्शन दोन्ही पत्ते पुढे सरकवते आणि आरसीएक्स शून्यावर आणते. नुसतं इनपुट म्हटलं की ते बदलणार नाही असं जीसीसी धरून चालतो. ओ-झीरोवर तो प्रत्येक व्हेरिएबल स्टॅकवरून पुन्हा वाचतो, म्हणून चूक झाकली जाते. ओ-टूवर तो आरडीआयमध्ये अजून जुनाच पत्ता आहे असं समजून तो वापरतो.

ही रजिस्टरं क्लॉबरमध्ये टाकायला जाऊ नका. इनपुट असलेलं रजिस्टर तिथे चालत नाही, जीसीसी एरर देतो. तिन्ही आउटपुटच्या यादीत न्या आणि अक्षराआधी '+' लावा, म्हणजे 'वाचतो आणि बदलतोही'. क्लॉबरमध्ये 'मेमरी' लिहा, कारण पॉइंटरमागचे बाइट बदलले हे नुसत्या पत्त्यावरून त्याला कळत नाही. आणि '+'मुळे तुमचा पॉइंटरच पुढे जातो. मेमकॉपीला मूळ पत्ता परत द्यायचा असतो, तो आधी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा.

'व्होलाटाइल' लावून यातलं काहीच सुटत नाही. त्याने असेम्ब्ली वगळली जात नाही, एवढंच. चुकीची यादी चुकीचीच राहते.

दोन-तीन इन्स्ट्रक्शन एकत्र असतील तर '&' ही खूण आठवा. सगळी इनपुटं वाचून झाल्यावरच आउटपुट लिहिलं जाईल या समजुतीने जीसीसी दोघांना एकच रजिस्टर देऊ शकतो. पहिल्या ओळीत आउटपुट लिहून दुसऱ्या ओळीत इनपुट वाचत असाल, तर '=आर' नको, '=&आर' हवं ('आर' म्हणजे कुठलंही रजिस्टर, '&' म्हणजे ते इनपुटला देऊ नको).

32-बिटचा जुना कोड 64-बिटवर आणताना 'आरडीटीएससी' (प्रोसेसरचा टाइमस्टॅम्प काउंटर वाचणारी इन्स्ट्रक्शन) जरूर तपासा. तिथे कॅपिटल 'ए' म्हणजे ईडीएक्स-ईएएक्सची जोडी होती. 64-बिटवर त्याच अक्षराने 64-बिट व्हेरिएबलला आरएएक्स किंवा आरडीएक्स यांपैकी एकच मिळतं आणि अर्धी संख्या हरवते. स्मॉल अक्षरांत '=ए' आणि '=डी' (ईएएक्स आणि ईडीएक्स) असे दोन 32-बिट आउटपुट घ्या, वरचा भाग 64-बिट करून 32 घरं डावीकडे सरकवा आणि जोडा.

प्रोसेसरची माहिती देणारी 'सीपीयूआयडी' ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स, ईडीएक्स चारही बदलते. तुम्हाला एकच हवं असलं तरी उरलेली तीन जाहीर करावीच लागतात. पोर्टवर एक बाइट पाठवणाऱ्या 'आउटबी'ला किंमत स्मॉल 'ए'मध्ये आणि पोर्ट 'एनडी'मध्ये द्या: 0 ते 255मधला स्थिरांक थेट जातो, नाहीतर डीएक्स.

याद्या बरोबर असूनही स्टॅक बिघडत असेल तर कंपाइल करताना 'नो-रेड-झोन' फ्लॅग दिलाय का ते पाहा. 64-बिट सिस्टिम व्ही एबीआयनुसार (फंक्शनांनी स्टॅक आणि रजिस्टरं कशी वापरायची याच्या नियमांनुसार) स्टॅक पॉइंटरखालचे 128 बाइट, म्हणजे रेड झोन, फंक्शन न सांगता वापरू शकतं. कर्नलमध्ये इंटरप्ट त्याच स्टॅकवर लिहितो, आणि तुमच्या असेम्ब्लीतला 'पुश'ही तिथेच लिहितो.

आता पडताळणी. टेम्प्लेटमध्ये (अवतरणचिन्हांतल्या मजकुरात) '#' टाकून पुढे सगळे ऑपरंड (टक्के-शून्य, टक्के-एक वगैरे) लिहा आणि कॅपिटल 'एस' फ्लॅगने कंपाइल करा; कुठलं रजिस्टर निवडलं ते असेम्ब्ली फाइलमध्ये कॉमेंट म्हणून दिसेल. मग ओ-टूच्या ऑब्जेक्ट फाइलवर ऑब्जडम्प (मशीन कोड असेम्ब्लीत दाखवणारं साधन) चालवून 'रेप मॉव्हएसबी'च्या खालच्या ओळी वाचा. आरडीआय जुना पत्ता समजून वापरलेलं दिसलं, तर यादी अजून अपुरी आहे.